एका व्होल्टमध्ये किती आवाज?

३०० ओहमचा हेडफोन थेट फोनला जोडला तर काय होतं? गाणं नीट ऐकू येतं. फोन तापत नाही, हेडफोन बिघडत नाही, सूर फाटत नाहीत. फक्त आवाजाची पट्टी जवळजवळ शेवटपर्यंत न्यावी लागते. एखाद्या जुन्या, हळू ध्वनिमुद्रित झालेल्या विलंबित ख्यालात आवाज अजून थोडा हवा होता, असंही वाटू शकतं. हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं की चांगला हेडफोन घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली सगळ्यात आधी ‘याला अ‍ॅम्प लागेल’ हे वाक्य ऐकावं लागतं. मग हेडफोनबरोबर जवळजवळ तेवढ्याच किमतीचा अ‍ॅम्प्लिफायर घरी येतो आणि बऱ्याचदा त्याची काही गरज नसते.

मुळात अ‍ॅम्प्लिफायर नसलेला फोन किंवा लॅपटॉप अस्तित्वातच नाही. हेडफोनच्या भोकामागे, किंवा भोक नसेल तर टाइप-सी अ‍ॅडॅप्टरच्या बोटभर तुकड्यात, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो. खरा प्रश्न एवढाच की तो अमुक एका हेडफोनला पुरेल का. याचं उत्तर श्रद्धेवर सोडायची गरज नाही. खोक्यावर छापलेल्या दोन आकड्यांवरून ते दुकानात उभ्या उभ्या काढता येतं. ते कसं काढायचं हे प्रत्येक श्रोत्याला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, कारण संगीतावर खर्च करायला आपल्याकडे पैसे मोजकेच असतात आणि ते योग्य जागी पडायला हवेत.

हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात लटकत असतं. वेटोळ्यातून विद्युतप्रवाह गेला की ते पुढे-मागे हलतं, पडदा हलतो, हवा हलते. तेवढ्याच विजेवर एका हेडफोनचा पडदा जोरात हलेल आणि दुसऱ्याचा हळू. चुंबक किती जोरदार आहे, पडदा किती हलका आहे, वेटोळं किती घट्ट फटीत बसवलं आहे यावर ते ठरतं. या गुणाला संवेदनशीलता म्हणतात आणि ती डेसिबलमध्ये छापलेली असते. दुसरा आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा. तो ओहममध्ये असतो. गाडीच्या भाषेत बोलायचं तर संवेदनशीलता म्हणजे गाडीचं अ‍ॅव्हरेज. पण दुकानात आणि गप्पांमध्ये लोक विचारतात फक्त ओहम, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

ओहम जास्त म्हणजे हेडफोन चालवायला कठीण, ही समजूत किती फसवी आहे हे दोन हेडफोन शेजारी ठेवले की कळतं. जर्मनीच्या बायरडायनॅमिक कंपनीच्या डीटी ८८० या हेडफोनची एक आवृत्ती ६०० ओहमची आहे. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा. नुसते ओहम पाहणारा माणूस डोळे मिटून दुसरा घेईल. पण एका मिलिवॅटला डीटी ८८० साधारण ९६ डेसिबल आवाज देतो आणि एचई-६ जेमतेम ८३.५. दोघांकडूनही ११० डेसिबलचं शिखर काढायचं ठरवलं, तर ६०० ओहमच्या डीटी ८८०ला सुमारे ३.९ व्होल्ट आणि २५ मिलिवॅट लागतात. ५० ओहमच्या एचई-६ला सुमारे ४.७ व्होल्ट आणि तब्बल ४५० मिलिवॅट लागतात. कमी ओहमचा हेडफोन अठरापट वीज खातो. एचई-६ हा प्लॅनर जातीचा, म्हणजे वेटोळ्याऐवजी संपूर्ण पडद्यावर विद्युतवाहक पट्ट्या छापलेला हेडफोन. त्याला खरोखरच दणकट अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि त्याच्या चाहत्यांनी तो स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून चालवलेला आहे. पण ही टोकाची गोष्ट झाली.

आता त्या छापील आकड्यांमधला सापळा. संवेदनशीलता दोन प्रकारे लिहिली जाते: एका मिलिवॅटला किती डेसिबल, किंवा एका व्होल्टला किती डेसिबल. कंपन्या आपापल्या सोयीने यातला एक प्रकार निवडतात, आणि ऑनलाइन दुकानांच्या पानांवर तर पुष्कळदा नुसतंच ‘डेसिबल’ लिहिलेलं असतं. एकेजीचा के७०२ पाहा. त्यावर १०५ डेसिबल छापलेलं असतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सवर ९९. के७०२ सहा डेसिबलने मोठा वाजेल असं वाटणं स्वाभाविक आहे. पण १०५ हा आकडा एका व्होल्टचा आहे आणि ९९ हा एका मिलिवॅटचा. दोन्ही एका व्होल्टवर आणले की के७०२ राहतो १०५वर आणि एम५०एक्स जातो ११३वर. कागदावर मागे दिसणारा हेडफोन प्रत्यक्षात आठ डेसिबलने पुढे आहे.

फोन किंवा लॅपटॉपसाठी नेहमी व्होल्टचा आकडा धरावा, कारण अशी साधनं ठरावीक कमाल व्होल्टेज देतात. ते कितपत वापरायचं, हे आपण आवाजाची पट्टी सरकवून ठरवतो. मिलिवॅटवरून व्होल्टवर जायचं सूत्र लॉगॅरिदमचं आहे, पण ते डोक्यात ठेवायची गरज नाही. खोक्यावर मिलिवॅटचा आकडा असेल तर त्यात १६ ओहमच्या हेडफोनला १८ मिळवायचे, ३२ ओहमला १५, ६४ला १२, ८०ला ११, २५०ला ६, ३००ला ५ आणि ६००ला २. एवढं फोनच्या नोंदवहीत लिहून ठेवलं की पुरे. कमी ओहमचे हेडफोन फोनवर मोठे वाजतात ही समजूत याच बेरजेतून आली आहे, आणि बाकी सगळं सारखं असेल तर ती खरीही आहे. पण बाकी सगळं सारखं क्वचितच असतं.

मग किती आवाज पुरेसा? घरात शांतपणे ऐकताना बहुतेक माणसं सरासरी ७० ते ८० डेसिबलच्या पातळीवर ऐकतात. पण संगीताची सरासरी आणि त्याची शिखरं यांत अंतर असतं. हल्लीच्या चित्रपटगीतांमध्ये, जिथे सगळंच आधीपासून दाबून मोठं केलेलं असतं, ते दहा-बारा डेसिबलचं असेल. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तबल्याची थाप किंवा तारसप्तकातली तान सरासरीपेक्षा वीस-पंचवीस डेसिबल वर जाऊ शकते. म्हणून ८० डेसिबलच्या सरासरीला १०० ते १०५ डेसिबलच्या शिखरांची सोय असावी. ११० डेसिबलची असेल तर काळजीच नको.

आता दुसरी बाजू, म्हणजे वीज देणारं साधन. अ‍ॅपलचा टाइप-सी ते साडेतीन मिलिमीटरचा छोटा अ‍ॅडॅप्टर सुमारे एक व्होल्ट देतो. त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या वाटेत साधन स्वतः जो विरोध आणतं तो, एका ओहमच्या आसपास आहे आणि आवाज स्वच्छ आहे. हजाराच्या आसपास मिळणाऱ्या या तुकड्याची मोजमापं पाहून मला आजही नवल वाटतं. मात्र युरोपात विकला जाणारा त्याचा नमुना तिथल्या नियमांमुळे निम्म्या व्होल्टेजचा आहे. शिवाय काही अँड्रॉइड फोनवर हा अ‍ॅडॅप्टर पूर्ण क्षमतेला जातच नाही आणि आवाज कमी येतो. त्यामुळे अँड्रॉइड वापरणाऱ्याने तो आपल्या फोनवर लावून बघूनच घ्यावा. हेडफोनचं भोक शाबूत असलेले फोन साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतात. लॅपटॉप बहुधा एक व्होल्टच्या पुढे-मागे. २०२१ पासूनच्या मॅकबुक प्रोमध्ये तर एक देखणी सोय आहे. जोडलेला हेडफोन १५० ओहमच्या आतला असेल तर तो १.२५ व्होल्टपर्यंत देतो आणि १५० ते १००० ओहमचा असेल तर ३ व्होल्टपर्यंत. असा संगणक असणाऱ्या माणसाला ३०० ओहमच्या हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प घ्यायला सांगणं म्हणजे त्याची फसवणूक आहे.

व्होल्टेज निम्मं झालं की सहा डेसिबल कमी होतात आणि दुप्पट झालं की सहा वाढतात. एवढा एक नियम जोडला की हिशोब पूर्ण झाला. हेडफोन एका व्होल्टला ११० डेसिबल किंवा त्याहून जास्त देत असेल, तर निम्म्या व्होल्टच्या साध्या फोनवरही त्याची शिखरं १०४ला पोचतात. तो बिनधास्त घ्यावा. १०५ ते ११०च्या दरम्यान असेल तर एक व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर किंवा लॅपटॉपवर छान चालेल. १०० ते १०५ असेल तर तुम्ही काय ऐकता यावर अवलंबून आहे. १००च्या खाली असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च आधीच धरून चालावं.

सेनहायझरचा एचडी ६००, १९९७ पासून चालत आलेला आणि अजूनही अनेकांच्या कानांचा मापदंड असलेला, या हिशोबात १०२च्या आसपास बसतो. ‘अ‍ॅम्प लागतोच’ म्हणणारे लोक सगळ्यात आधी याचंच उदाहरण देतात. पण एक व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर तो चित्रपटगीतं किंवा पॉप ऐकताना कानाला नकोसा होईल इतका मोठा वाजू शकतो. हळू ध्वनिमुद्रित मैफलीत सरासरी ७७-७८ डेसिबलवर येऊन थांबेल. शांत खोलीत तेवढं बहुतेकांना पुरतं. अर्ध्या व्होल्टच्या फोनवर मात्र तो कमी पडेल हे मान्य आहे.

मग हे ३००, ६०० ओहमचे हेडफोन बनवले तरी कशाला? ते खिशातल्या यंत्रांसाठी नव्हतेच. रेडिओ केंद्रांत आणि स्टुडिओत एकाच वाहिनीला अनेक हेडफोन समांतर जोडायचे असत. कमी ओहमचे चार-पाच जोडले तर वाहिनीवर फार भार पडतो. जास्त ओहमचे पुष्कळ जोडले तरी ती डगमगत नाही. तिथल्या यंत्रांकडे व्होल्टेजची कमतरता नव्हती. जास्त वेढ्यांच्या बारीक तारेचं वेटोळं त्या जगाला सोयीचं होतं. खिशातल्या यंत्राची अडचण बरोबर उलटी आहे. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन विक्रीला आला, तो दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर चालायचा. त्यातून मोठा आवाज काढायचा तर कमी ओहमचं वेटोळं आणि लहान आकाराचं जोरदार चुंबक हाच मार्ग होता. पुढे ऐंशीच्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले आणि हलक्या हेडफोनांना मोठं बळ मिळालं.

त्याहून मागे गेलं तर गोष्ट आणखी रंगते. अमेरिकेतल्या यूटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१०च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून अमेरिकी नौदलाला पाठवले. नौदलाला ते पसंत पडले आणि मागणी आली, पण एका वेळी थोडेच बनवता येतील असं बाल्डविनला कळवावं लागलं. त्या काळच्या रेडिओत अ‍ॅम्प्लिफायर वापरात आलेला नव्हता. आकाशतारेत उतरलेल्या लहरीची जी काही अत्यल्प ऊर्जा असेल तेवढ्यावरच हेडफोनला बोलायचं होतं. पुढे घरोघरी बनलेल्या क्रिस्टल सेटचंही तेच. बॅटरी नाही, वीज नाही, कानाला दोन हजार ओहमचा हेडफोन, आणि तरी दूरच्या केंद्रावरचं गाणं ऐकू यायचं. हेडफोन जन्माला आला तोच मुळी अ‍ॅम्प्लिफायरशिवाय. त्याची कार्यक्षमता हीच त्याची पहिली कसोटी होती, आणि दोन हजार ओहम ही तेव्हा अडचण नव्हती, गरज होती.

हाच धडा कानात घालायच्या इअरफोननेही दिला आहे. इटिमॉटिक रिसर्च या अमेरिकी कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ हा इअरफोन आणला. त्याची ‘एस’ आवृत्ती १०० ओहमची होती. छोट्या प्लेअरवर ती हळू वाजायची म्हणून नंतर ‘पी’ आवृत्ती आली, २७ ओहमची. आतला ध्वनियंत्राचा भाग जवळजवळ तोच, फरक मुख्यतः तारेतल्या रोधकांचा. ‘पी’ घेणाऱ्याला ७५ ओहमची जोडतार लावून त्याचा ‘एस’ करता यायचा. म्हणजे कानाच्या एकाच यंत्राची ‘अ‍ॅम्पशिवाय चालणारं’ आणि ‘अ‍ॅम्प मागणारं’ अशी दोन रूपं नुसत्या रोधकांनी करून दाखवली गेली.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रोधक बदलला तसा आवाजाचा रंगही थोडा बदलत असे. प्रत्येक साधनाचा स्वतःचा एक आउटपुट इम्पीडन्स असतो, आणि हेडफोनचा इम्पीडन्सही सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६०० नावाला ३०० ओहमचा, पण खर्जात, १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५००च्या वर चढतो. साधनाचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा असा व्यवहारातला नियम आहे. तो पाळला तर या चढउताराचा आवाजावर जाणवण्यासारखा परिणाम होत नाही. हल्लीचे चांगले फोन आणि अ‍ॅडॅप्टर एक-दोन ओहमच्या आतबाहेर असतात, त्यामुळे मोठ्या हेडफोनांना भीती नाही. भीती आहे ती आत अनेक ड्रायव्हर, म्हणजे अनेक छोटी ध्वनियंत्रं, असलेल्या महागड्या इअरफोनांना. त्यांचा इम्पीडन्स काही ठिकाणी दहा ओहमच्याही खाली उतरतो, आणि जुन्या संगणकाच्या किंवा मिक्सरच्या भोकाला जोडले तर त्यांचा समतोल बिघडतो. अतिसंवेदनशील इअरफोनांना दुसरा त्रास म्हणजे शांततेत सतत ऐकू येणारा ‘सस्स’ आवाज. आवाज मोठा येतो म्हणून संवेदनशीलता जितकी जास्त तितकी चांगली, असं नाही. एका व्होल्टला ११० ते १२० डेसिबल हा पट्टा मला सगळ्यात सुखाचा वाटतो.

अ‍ॅम्प लावल्यावर आवाज ‘खुलतो’, खर्ज भरतो, वाद्यं वेगळी ऐकू येतात, असं अनेक अनुभवी श्रोते सांगतात. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना तसं ऐकू येतंच. पण कारण बहुतेक वेळा दुसरं असतं. १९३३ मध्ये हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी दाखवून दिलं की कान सगळ्या स्वरांना प्रत्येक पातळीवर सारखा प्रतिसाद देत नाही. आवाज हळू असताना खर्ज आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरून येतो. अ‍ॅम्प जोडताना पातळी थोडीशी जरी वर गेली, तरी ‘मोठा झाला’ असं जाणवत नाही, ‘छान झाला’ असं जाणवतं. म्हणून दोन साधनांची तुलना करताना आधी दोन्हीची पातळी यंत्राने मोजून सारखी करावी लागते आणि कोणतं चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. पुरेसं व्होल्टेज देणारी दोन चांगली साधनं अशा चाचणीत ओळखणं फार कठीण जातं. अ‍ॅम्प्लिफायरचं काम आवाज सुंदर करणं हे नाही. आलेला संकेत बिघडू न देता मोठा करणं एवढंच त्याचं काम, आणि तुमचा फोन ते करत असेल तर दुसऱ्याला काम उरत नाही.

हेडफोन बदलला तर मात्र फरक प्रचंड पडतो. आणि तिथेही किंमत फसवते. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेडफोनची किंमत आणि त्याचा स्वरांना मिळणारा प्रतिसाद यांत त्यांना संबंध आढळला नाही. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. त्यांतून बहुसंख्य लोकांना कसा समतोल आवडतो हे बऱ्यापैकी ठरलं आहे, आणि आज अगदी स्वस्त इअरफोनही त्या समतोलाच्या जवळ बनवले जातात. त्यामुळे दहा हजार खर्च करायचे असतील तर पाच हेडफोनवर आणि पाच अ‍ॅम्पवर अशी वाटणी करू नये. सगळे हेडफोनवर घालावेत, किंवा पाचच खर्च करून उरलेल्या पैशात मैफलीची तिकिटं काढावीत.

खर्ज कमी आला की लोक पहिला दोष फोनला देतात. त्याआधी हेडफोनची गादी तपासावी. कानाभोवती हवा कोंडली गेली नाही तर बंद हेडफोनमधून खर्ज निसटून जातो. चष्म्याची जाड काडी, कानावरचे केस, झिजून चपटी झालेली गादी यांनी जेवढा खर्ज जातो तेवढा कुठलाही अ‍ॅम्प परत आणू शकत नाही. इअरफोनच्या बाबतीत रबरी टोपी योग्य मापाची नसेल तर हेच होतं. खोक्यात तीन मापांच्या टोप्या येतात आणि बहुतेक लोक मधली लावून मोकळे होतात. मोठी आणि लहान लावून पाहावी. अनेकांच्या दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागतं.

मग घ्यावा कोणता? घरात शांत खोलीत ऐकायचं असेल तर मागची बाजू उघडी असलेला हेडफोन घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. अशा हेडफोनमध्ये आवाज डोक्यात कोंडत नाही, तानपुऱ्याची आस मोकळी वाटते. सेनहायझरचा एचडी ५६०एस १२० ओहमचा असूनही एका व्होल्टला ११० डेसिबल देतो. ओहमच्या भीतीने तो नाकारणारे लोक एका उत्तम हेडफोनला मुकतात. फिलिप्सचा एसएचपी९५०० बत्तीस ओहमचा आहे आणि आणखी सोपा आहे. हायफायमॅनचा एचई४००एसई प्लॅनर असूनही या हिशोबात १०७च्या आसपास येतो, त्यामुळे अ‍ॅडॅप्टरवर किंवा लॅपटॉपवर चालतो. अर्ध्या व्होल्टच्या फोनसाठी मात्र तो घेऊ नये.

गायन-वादनाचा अभ्यास करणाऱ्यांना, ध्वनिमुद्रण आणि संकलन करणाऱ्यांना सोनीचा एमडीआर-७५०६ सांगतो. १९९१ पासून तो जवळपास तसाच बनतो आहे. ६३ ओहमचा हा हेडफोन एका व्होल्टला ११८ डेसिबलपर्यंत जातो, म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यावर आणि रेकॉर्डरवर तो सहज वाजतो आणि चित्रीकरणाच्या ठिकाणी इतका दिसतो. त्याचा आवाज तपासणीचा आहे. चूक, श्वास, खरखर, सगळं पुढे आणून ठेवतो, त्यामुळे रात्रभर निवांत ऐकायला मी तो सुचवणार नाही. कॉसचा पोर्टा प्रो १९८४चा. तो खास कॅसेटच्या छोट्या प्लेअरसाठी बनवला होता आणि आजही त्याच रूपात मिळतो. ६० ओहम, एका व्होल्टला ११३. कानावर हलका बसतो, खर्ज उबदार आहे, आणि जुनी मराठी भावगीतं त्यावर फार गोड लागतात.

लोकल, एसटी किंवा कचेरीसाठी उघडा हेडफोन निरुपयोगी. बाहेरचा गोंगाट आत येतो आणि त्यावर मात करायला आपण आवाज वाढवत जातो. तिथे कानात घट्ट बसणारा इअरफोन किंवा बंद हेडफोनच हवा. इअरफोन जवळजवळ सगळे फोनवर चालतात, त्यामुळे तिथे आकडे न पाहता मापाकडे लक्ष द्यावं. ब्लूटूथ हेडफोनांचा अ‍ॅम्प त्यांच्या पोटातच असतो, त्यामुळे त्यांच्याबाबतीत हा सगळा हिशोब लागूच होत नाही.

फोनवर आवाज कमी येतो म्हणून अ‍ॅम्प घ्यायला जाण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये आवाजावर मर्यादा घातलेली नाही ना, हे पाहावं. अनेक फोनांत ती असते. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणायची सोय चालू असते आणि त्यासाठी ते मोठ्या आवाजाची गाणी मुद्दाम हळू करतं. स्पॉटिफायमध्ये ती बंद करता येते किंवा ‘लाउड’वर ठेवता येते. टाइप-सीचा स्वस्त अ‍ॅडॅप्टर घेताना त्यात डिजिटल संकेताचं रूपांतर करणारी चिप आहे याची खात्री करावी. नुसत्या तारेचा अ‍ॅडॅप्टर पुष्कळ फोनवर मुकाच राहतो.

मोठ्या आवाजाविषयी एक कळकळीचं सांगणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सुचवली आहे. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९० डेसिबलवर आठवड्याला चार तास, शंभरवर अर्धा तासही नाही. संवेदनशील इअरफोन साध्या फोनवर शंभरच्या वर सहज जातो. आतल्या कानातल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आपला हेडफोन अ‍ॅम्पशिवायही पुरेसा मोठा वाजतो हे समाधानाचं आहे, पण ती पट्टी शेवटपर्यंत नेण्याचं कारण कधी पडू नये.

तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीत जा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, किंवा घरबसल्या मागवा. आधी ओहम आणि डेसिबल दोन्ही विचारा, तो डेसिबलचा आकडा मिलिवॅटचा आहे की व्होल्टचा हे कंपनीच्या स्वतःच्या माहितीपत्रकात पाहा, आणि बेरीज करा. दुकानात जात असाल तर स्वतःचा फोन न्या आणि आपल्या ओळखीची, शांत सुरू होणारी एखादी मैफल लावून ऐका. पट्टी सत्तर टक्क्यांच्या आत असताना पोटभर ऐकू आलं तर तो हेडफोन घ्या, आणि अ‍ॅम्प सुचवणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.